ससा घरात आला त्या वर्षीची कानबाई

नणंद दोंडाईच्याहून आली तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची बॅग होती आणि दुसऱ्या हातात भाजीची तारेची टोपली. टोपलीवर ओढणी बांधलेली. दार मीच उघडलं. ओढणी हलली तशी मी दोन पावलं मागे सरले, कारण मला प्राण्यांची फार हौस नाही. ‘ससा आहे, वहिनी. चावत नाही,’ ती म्हणाली. एसटीत कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही, हेही तिने उंबऱ्यावर उभं राहूनच सांगितलं. स्वतःबद्दल मात्र काही बोलली नाही.

बोलण्यासारखं काही नव्हतंच, सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिथेच त्याने दुसरं घर केलं. दोन वर्षं ही सासू-सासऱ्यांचं करत, वाट बघत राहिली. शेवटी सासऱ्यांनीच तिला सांगितलं, की पोरी, आता तुझ्या बापाकडे जा. मूलबाळ नव्हतं. अंगणात कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली कोणीतरी आणून सोडलेला हा ससा होता, तो तिने उचलला आणि निघाली.

माझे सासरे, म्हणजे आबा, पेपर बाजूला ठेवून बाहेर आले. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग टोपलीकडे. लेकीला विचारण्यासारखं खूप होतं, पण त्यांनी टोपलीबद्दलच विचारलं. ‘हाई काय लई उनी, माय?’

सासूबाई आतून ओरडल्या, ‘माणसंस्ले जागा पुरत नही आठे, नि हाई ससा!’

त्यांचं खोटं नव्हतं. आमचं घर धुळ्यात, म्हणजे जिल्ह्याच्या गावी, आणि आमचे भाऊबंद सगळे शिंदखेडा तालुक्यात पसरलेले. कोणाचा दवाखाना निघाला, कोणाची कोर्टाची तारीख निघाली, कोणाच्या पोराला कॉलेजात प्रवेश घ्यायचा झाला, की मुक्काम आमच्याकडे. मी स्वतः पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, त्यामुळे दिवसभर बायकांची ये-जा वेगळी. नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्या तांब्याच्या तारेची बंडलं घरात. तीन खोल्या, सहावीतली एक मुलगी, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि कायमचे दोन-तीन पाहुणे. त्यात आता ताई. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताईच म्हणते.

ससा मागच्या ओट्यावर राहिला, मोरीच्या शेजारी. आबांनी गावाहून डालगं मागवलं, त्यावर वीट ठेवायची. ताई सकाळी त्याला लसूणघास टाकायची, कोथिंबिरीच्या काड्या टाकायची. मला त्याचा काही त्रास नव्हता. कपडे धुताना तो डालग्याच्या फटीतून माझ्याकडे बघायचा आणि नाक हलवायचा. मी त्याच्याशी बोलायचे नाही.

मे महिना लागला. आमच्याकडचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याने पाहिलाय त्याला सांगायची गरज नाही. दुपारी बाराला रस्ते ओस पडतात, आणि नळाचं पाणी हातावर घेतलं की पोळतं. एका दुपारी ताई आबांबरोबर कसल्या तरी कागदांसाठी वकिलाकडे गेली होती. मी मोरीत भांडं ठेवायला गेले तर ससा डालग्यात लांब पडलेला. तोंड उघडं, पोट भराभर हलतंय, आणि कानांच्या आतल्या शिरा लालभडक. मी वीट काढली, डालगं उचललं, तरी तो उठला नाही.

मला काय झालं कोण जाणे. मी त्याला पदरात घेतला आणि सरळ पुढच्या खोलीत कूलरसमोर नेऊन ठेवला. त्याचे कान ओल्या फडक्याने पुसत बसले. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई खुर्चीवर तशीच बसून राहिली. ‘मरेल हो तो,’ ती म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली आणि मला रडू आलं. त्याची मला काय एवढी माया होती? काही नव्हती. पण ताई घरी येईल आणि तिच्याकडे हे एकच होतं तेही गेलं, असं तिला मी सांगायचं, ही कल्पनाच मला सहन झाली नव्हती.

असा तो घरात आला, आणि आणला मीच. पुढे मी त्याच्या नावाने इतक्यांदा कटकट केली, की हे नीट सांगून ठेवलेलं बरं.

घरात आलेला ससा पहिले आठ दिवस दिवाणाखालून हललाच नाही. आधी वाटलं घाबरलाय. कुकरची शिट्टी झाली की मागचा पाय धपकन आपटायचा, मिक्सर लावला की भिंतीला चिकटायचा. पण खरी अडचण वेगळीच होती, ती ताईने ओळखली. अंगणात मातीवर वाढलेलं जनावर, आमच्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकायचे. दोन उड्या मारल्या की तिसरीला पोटावर आपटायचा. मग तिने धान्याची जुनी गोणपाटं धुतली, मी त्याच्या लांब पट्ट्या कापून कडांना मशीन मारून दिलं, आणि दिवाणापासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाटाचा रस्ता झाला. ससा त्या रस्त्यावरूनच चालायचा. पट्टी संपली की थांबायचा आणि पुढच्या फरशीकडे बघत बसायचा. गावाहून आलेली माणसं गोणपाट ओलांडून जायची आणि विचारायची, हे काय नवीन?

शी-शूच्या बाबतीत तो आमच्या पाहुण्यांपेक्षा शहाणा निघाला. एकच कोपरा धरला. तिथे ताईने घमेल्यात भुसा घालून ठेवला, तर तो उडी मारून त्यात जाऊन बसू लागला. आबांना याचं इतकं कौतुक, की येईल त्याला घमेलं दाखवायचे. मुलगी शाळेतून आली की आधी त्याच्यापाशी पालथी पडायची. सासूबाई ‘घरमा ससा, काय जमाना उना’ असं पुटपुटत मेथी निवडायच्या आणि काड्या बरोबर त्याच्या वाटेवर टाकायच्या.

कटकट माझी होती. त्याने इस्त्रीची वायर कुरतडली. नवऱ्याचा चार्जर कुरतडला. एका गिऱ्हाइकाचा पैठणी काठाचा ब्लाउजपीस खाली पडला होता, त्याचा काठ खाल्ला, आणि तो काठ मला कुठेच मिळेना. मी त्या बाईसमोर कशी तोंडावर पडले ते माझं मला माहीत. त्या दिवशी मी भर खोलीत ओरडले, ‘किती दिवस ठेवायचा हा इथे? कायमचा का?’

ताई गोणपाट झटकत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

खरं सांगायचं तर मी सशाबद्दल बोलत नव्हते, किंवा फक्त सशाबद्दल बोलत नव्हते. चार महिने झाले होते. माझ्या स्वयंपाकघरात दुसरी बाई होती. ती वाईट नव्हती, उलट इतकी चांगली होती की मला चीड यायची. माझ्या आधी उठायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायची, दूध कमी असलं की बिनदुधाचा चहा प्यायची. तिची बॅग अजून दिवाणाखालीच होती, कपाटात एक कप्पा रिकामा करून दिला तरी तिने तो भरला नव्हता. ताईला विचारता येत नव्हतं ते मी सशाच्या नावाने विचारत होते, आणि तिला ते कळत होतं. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, आमच्याकडे कानबाई नव्हती, त्यामुळे लग्नानंतर मला सगळं शिकावं लागलं. नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवी सजवतात, चौरंगावर बसवतात, सगळे भाऊबंद एकत्र येतात. त्याआधी घर रंगवायचं, भांडीकुंडी घासायची. आणि मुख्य म्हणजे रोट. घरातल्या एकेका माणसाच्या नावाने गहू मुठीने मोजून घ्यायचा, वेगळा दळायचा आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. त्या पोळ्यांना रोट म्हणतात. रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आमच्याकडे तर बाहेरच्याची नजरही पडू देत नाहीत. सून म्हणून आलेली मी पहिल्याच वर्षी रोट खाऊन घरची झाले. आणि लग्न करून दिलेली लेक, तिला रोट चालत नाहीत. ती दुसऱ्याच्या कुळाची.

गहू मोजताना सासूबाईंनी नावं घेतली. आबांचं, त्यांचं स्वतःचं, नवऱ्याचं, माझं, माझ्या मुलीचं. ताई समोरच सूप घेऊन बसली होती, गहू पाखडत होती. तिचं नाव आलं नाही. तिलाही ते येणार नाही हे माहीत होतं. तिने सूप आणखी दोनदा पाखडलं आणि उठली.

त्याच आठवड्यात मी सशाची सोय लावली. माझ्या एका गिऱ्हाइकाचं शहराबाहेर शेत होतं, ती म्हणाली, द्या, आमच्याकडे मोकळा राहील. तिथे कुत्री आहेत हे मला माहीत होतं. तरी मी सोमवार ठरवला, कानबाईचं विसर्जन झालं की न्या म्हणून. घरात सांगितलं तेव्हा मुलगी रडली, आबा पेपरात डोकं घालून बसले. ताई फक्त ‘बरं’ म्हणाली. नंतर बघते तर तिने बॅग दिवाणाखालून काढून कपड्यांच्या घड्या नीट घातल्या होत्या आणि बॅग पुन्हा बंद करून ठेवली होती. ‘कुठे निघालात का?’ मी विचारलं. म्हणाली, ‘नंदुरबारला मावशीकडे बघते विचारून. तिला सोबत लागते.’  ‘नका जाऊ’ एवढं म्हणायला काय लागतं? ते मला जमलं नाही.

रविवारी सकाळपासून घर माणसांनी भरलं. गावाहून दोन गाड्या आल्या. आबांचे थोरले चुलत भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, तेही आले. नाना म्हणजे कुळाचार, सोवळंओवळं, सगळ्याचे शेवटचे अधिकारी. सासूबाई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्यांच्याशी थेट बोलतही नाहीत.

पोळ्या मी आणि सासूबाई करत होतो. ताई भाज्या चिरून देत होती, पुरणाला हात लावत नव्हती. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका कानबाईच्या दर्शनाला आल्या. त्या स्वयंपाकघरात डोकावतील म्हणून सासूबाईंनी घाईने पोळ्यांची चवड स्वच्छ लुगड्यात गुंडाळून परात मधल्या खोलीत नेली, खाली जमिनीवर ठेवली आणि दार ओढून घेतलं. आणि इकडे मी, पाहुण्यांच्या पायात ससा येऊ नये म्हणून, सकाळीच त्याला मधल्या खोलीत कोंडलेलं. दोघींनी लपवायची वस्तू एकाच खोलीत लपवली, आणि दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही.

नैवेद्याच्या वेळी मी दार उघडलं. लुगड्याचा कोपरा बाजूला झालेला, वरच्या तीन पोळ्या कडेने अर्धगोल खाल्लेल्या, आणि ससा परातीशेजारी बसून मिशा साफ करतोय. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. सासूबाई आल्या, त्यांनी कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसल्या. त्यांच्या मागे आबा, नाना, सगळे. ताई गर्दीतून आत घुसली ती थेट सशापाशी. तिला रोटांचं काही नव्हतं, तिला त्याच्या पोटाचं होतं. ‘गोड चालत नाही त्याला, पोट फुगतं,’ ती म्हणाली आणि त्याचं पोट चोळत तिथेच बसली. (संध्याकाळी त्याच्या लेंड्या नेहमीसारख्या पडल्या तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.)

 रोट बाहेरच्याने खाल्ले, आता काय? सगळे नानांकडे बघू लागले. नाना कपाळाला आठ्या घालून उभे. मला वाटलं आता पोळ्या पुन्हा करायला लावतात, आणि वेगळं दळलेलं पीठ तर संपलेलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

आबांनी घसा खाकरला. ‘कोनी खादा? ससानीच ना? मंग तो आते बाहेरना कसा? रोट खादा, घरना व्हयना. इषय संपना.’

आणि नानाच हसले. नाना हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. ‘मंग त्याले आडनाव बी दी टाका,’ ते म्हणाले. सगळी खोली हसायला लागली. उष्ट्या तीन पोळ्या बाजूला काढल्या, त्या सशाच्याच म्हणायच्या असं ठरलं. मुलगी टाळ्या पिटत ओरडली, आता त्याला कोणी नेऊ शकत नाही. मी मान हलवली. मलाही हायसं वाटलं होतं, त्या शेताचा विचार मी चार दिवस झोपेतही करत होते. मी तिथल्या तिथे त्या बाईला फोन करून सांगितलं, की सशाचं रद्द.

नैवेद्य झाला. पुढच्या खोलीत पहिली पंगत बसली, आबा, नाना आणि मोठी माणसं. मी वाढायला तूप घ्यायला स्वयंपाकघरात आले. ताई ओट्याच्या कोपऱ्याशी खाली बसली होती. तिच्यापुढे ताटलीत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर होती, वेगळ्या पिठाची, सकाळीच वेगळ्या तव्यावर भाजून ठेवलेली, आणि गिलक्याची भाजी. शेजारी ससा, आणि सशापासून दूर सरकवून ठेवलेल्या त्याच्या त्या तीन पोळ्या. ती त्याला घासाच्या काड्या भरवत होती.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. दारातून अर्धमेलं होऊन आलेलं जनावर आज या घराचं झालं, त्यावर हसून सगळे जेवायला बसले. भुसावळची मी या घरची. आणि या घरात जन्मलेली, या मोरीत पाणी भरलेली, या चौरंगावर फुलं रचलेली पोर, ती वेगळ्या पिठाची भाकर खातेय. मी परातीतून एक पोळी उचलली आणि तिच्या ताटलीत ठेवली.

तिने ताटली मागे ओढली. ‘नको, वहिनी.’

‘कोणी बघत नाही,’ मी म्हणाले.

‘म्हणूनच नको.’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘तो चुकून घरचा झाला. मला चुकून नको. चोरूनही नको.’ तिने पोळी उचलून माझ्या हातात परत दिली. ‘उद्या सकाळची बस आहे माझी. याला तेवढं तुम्ही बघा. तुम्हीच आणला होता ना आत.’

मी तिथे तुपाची वाटी घेऊन उभी. चार महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते तेव्हा निघालं. ‘ताई, जाऊ नका. मी जे बोलत होते ते सशाला नव्हते बोलत. माझं चुकलं.’ ती म्हणाली, ‘माहीत आहे मला.’ राग नव्हता तिच्या बोलण्यात, आणि त्याने मला जास्त लागलं.

मागे सासूबाई उभ्या होत्या. आमटीचं पातेलं न्यायला आल्या होत्या, किती ऐकलं कोण जाणे. या बाईने त्याच आठवड्यात गहू मोजताना लेकीचं नाव गाळलं होतं. मला वाटलं मलाच झापतील. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, लेकीच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, ‘ऊठ. ते ताट ऱ्हाऊ दे.’

ताईला बाहेर नेलं. आबांच्या शेजारी बसलेल्या पुतण्याला त्यांनी नुसतं हाताने सरक म्हणून खुणावलं आणि त्या जागेत लेकीला बसवलं. नवीन पान मांडलं. त्यावर पोळी वाढली, वर तूप. पंगत थांबली. नानांचा घास हातात राहिला. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, नानांकडे न बघता, भिंतीकडे बघत बोलल्या, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. ‘मनी पोर शे. आठेच जन्मनी, आठेच राही. ज्याले चालत नही, त्यानी माले सांगा.’

आबांनी मान खाली घातली. माझा नवरा वाढायची पळी हातात घेऊन उभा राहिला.  नानांनी हातातला घास खाल्ला आणि आमटी मागितली. त्यांनी पान पूर्ण संपवलं नाही, अर्ध्यावर पाणी पिऊन हात धुतले. पण पंगत उठेपर्यंत ते जागेवरून हलले नाहीत.

ताई पोळीकडे बघत बसली होती. मी तिच्यामागे उभी होते, म्हणून मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खांदे दिसत होते. तिने तुकडा तोडला, तोंडात घातला आणि तो गिळायच्या आधीच तिला हुंदका फुटला. एवढे महिने ती आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. तिला थांबवता येईना. सासूबाई खाली वाकल्या, तिच्या पानावर आणखी एक पोळी ठेवली आणि म्हणाल्या, ‘पहिले जेव, माय. रडाले आख्खा दिन पडेल शे.’